मुलाचं पहिलं व्हायोलिन: भाड्याने घ्यावं की विकत?

मी ठाण्यात लहान मुलांना व्हायोलिन शिकवते. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आणि पुन्हा दसऱ्याच्या आधी पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "ताई, वाद्य विकत घेऊ की भाड्याने?" विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा पैशांचा हिशेब असतो. मुलाने तीन महिन्यांत सोडून दिलं तर काय, ही धास्ती असते. ती रास्तच आहे. पण मूल वाद्य का सोडतं, हे जवळून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की वाद्य कोणाच्या मालकीचं आहे याने मुलाला काडीचाही फरक पडत नाही. ते हाताला बसतं का आणि सुरात राहतं का, यावर सगळं ठरतं. दर पाच मिनिटांनी खुंटी घसरणारं, तार दाबताना बोट दुखवणारं स्वतःचं नवंकोरं वाद्य मुलाला वाद्यापासून दूर नेतं. भाड्याचं, चार ओरखडे असलेलं, पण नीट जुळवलेलं वाद्य त्याला रोज पेटी उघडायला लावतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत आधी वाद्य चांगलं हवं आणि मग ते आपलं की दुसऱ्याचं हे बघायचं, असा क्रम ठेवला आहे.

आधी हात मोजा

दुकानात किंवा क्लासमध्ये जाण्याआधी घरी टेप घ्या. मुलाला सरळ उभं करा, डावा हात खांद्याच्या रेषेत बाजूला पूर्ण ताणायला सांगा, तळवा वर. मानेच्या बुडापासून तळव्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. साधारण ४२ सेंटीमीटर भरलं तर १/८ मापाचं व्हायोलिन लागतं, ४६ च्या आसपास १/४, ५१ च्या आसपास १/२, ५६ च्या आसपास ३/४, आणि ५८-५९ च्या पुढे पूर्ण मापाचं. वयाने सांगायचं तर सहा-सात वर्षांच्या मुलाला बहुधा १/४, आठ-नऊला १/२, दहा-अकराला ३/४ आणि बारा-तेराच्या सुमारास पूर्ण. पण वयावर जाऊ नका, एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या हातांत चार बोटांचा फरक असतो.

या आकड्यांनी गोंधळ होतो तो असा की १/२ म्हणजे लांबीने अर्धं व्हायोलिन नव्हे. पूर्ण मापाच्या व्हायोलिनचं धड सुमारे ३५६ मिलिमीटर लांब असतं आणि १/२ मापाचं ३१० ते ३२० मिलिमीटर. ही फक्त मापांची नावं आहेत. म्हणून "मुलगा तसा उंच आहे, थोडं मोठं चालेल" हा अंदाज नेहमी फसतो.

टेपनंतर खरी परीक्षा वाद्यावर. व्हायोलिन हनुवटीखाली ठेवून मुलाला डावा हात पुढे नेऊन वरच्या टोकाच्या गोल नक्षीला तळव्यात धरायला सांगा. कोपर किंचित वाकलेलं राहून बोटं सहज वळली तर माप बरोबर. हात ताणून काठीसारखा सरळ झाला तर वाद्य मोठं आहे. दोन मापांच्या मध्ये मूल अडकलं असेल तर नेहमी लहान माप घ्या. गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, तसं वाद्याचं करायचं नाही. मोठ्या व्हायोलिनवर चौथं बोट पोचत नाही, मूल मनगट मुरडून ते पोचवतं, आणि ती मुरड पुढे सोडवायला वर्ष जातं.

शास्त्रीय पद्धतीने मांडी घालून शिकणार असाल, म्हणजे व्हायोलिनचं वरचं टोक पायावर टेकवून, तर खांद्यावर भार कमी येतो आणि काही गुरुजी एक माप मोठं चालवून घेतात. तरी बोटांमधलं अंतर तेच राहतं. आणखी एक गोष्ट गुरुजींना आधीच विचारा: कोणत्या पट्टीत शिकवणार? पाश्चात्त्य पद्धतीत तारा जी-डी-ए-ई लावतात. हिंदुस्थानी आणि कर्नाटक पद्धतीत षड्ज-पंचमाच्या (सा-प) जोडीने आणि बहुधा खालच्या पट्टीत लावतात. १/४ मापाच्या वाद्यावर नेहमीच्या तारा फार खाली उतरवल्या की सैल पडतात आणि आवाज घोगरा होतो. नेरूळ, वाशी, मुलुंड भागात कर्नाटक व्हायोलिन शिकवणारी बरीच मंडळी आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्या मुलांनी वाद्य आणि तारा त्यांच्याच सल्ल्याने घ्याव्यात.

वाद्य बदललं की उत्तर बदलतं

व्हायोलिनच्या बाबतीत भाड्याचा विचार गंभीरपणे करायला हवा, कारण मूल पूर्ण मापापर्यंत पोचेतो दोन-तीन वाद्यं मागे टाकतं. चेलोचं, म्हणजे बसून वाजवायच्या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याचं, तर त्याहून जास्त. महाग, अवजड आणि मापं बदलणारं ते वाद्य सुरुवातीला विकत घेऊच नये.

उकुलेले मात्र सरळ विकत घ्या. चार नायलॉनच्या तारा, छोटी पट्टी, पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या बोटांना सोसणारं वाद्य, आणि मूल मोठं झालं तरी तेच चालतं. भाड्याची यातायात करण्याइतकी त्याची किंमत नसते. गिटारचंही जवळपास तसंच. मात्र पहिली गिटार नायलॉन तारांची आणि मुलाच्या मापाची हवी. यामाहाच्या सीजीएस मालिकेत १०२ हे १/२ आणि १०३ हे ३/४ मापाचं मॉडेल आहे, तशीच इतर कंपन्यांचीही मिळतात. घरात दादाची स्टीलच्या तारांची मोठी गिटार पडून आहे म्हणून सात वर्षांच्या मुलीच्या हातात देऊ नका. तिची बोटं दोन आठवड्यांत सोलून निघतील.

सतारीची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे आपण महाराष्ट्रातली माणसं भाग्यवान आहोत. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतारी आणि तंबोरे बनतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे तिथे येतात आणि कारागीर मुलांच्या उंचीची लहान सतारही करून देतात. सतार भाड्याने देणारे कमी भेटतात, आणि मिळाली तरी भोपळ्याला तडा गेला तर भांडण ठरलेलं. म्हणून माझा सल्ला असा: पहिले काही महिने गुरुजींच्या क्लासमधल्या सतारीवरच शिकू द्या, मूल नखी घालून रोज बसायला लागलं की मिरजेला जाऊन स्वतः बघून घ्या. कल्याणहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मिरजेला सकाळी पोचता येतं. कारागिरासमोर बसून जवारी काढून (तारांचा नाद नीट यावा म्हणून घोडी घासून) घेता येते, पडदे (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या) मुलाच्या बोटाखाली नीट लागतात का ते तिथेच कळतं. परतताना सतार मऊ कपड्यात, कडक पेटीत. गर्दीच्या वेळच्या लोकलमध्ये ती घेऊन चढू नका.

यापुढे मी मुख्यतः व्हायोलिनबद्दलच लिहिते, कारण खरी अडचण तिथेच आहे.

हिशेब असा मांडा

भाड्याची तुलना किमतीशी करायची नसते. विकत घेतलेलं वाद्य शेवटी विकता येतं, म्हणून तुलना करायची ती घसाऱ्याशी. समजा १/४ मापाचं बऱ्यापैकी व्हायोलिन ८,००० रुपयांना घेतलं. घोडी (तारा जिच्यावर टेकतात तो लाकडी तुकडा) बसवणं, चांगल्या तारा, रोझिन (गजाच्या, म्हणजे वाजवायच्या काडीच्या, केसांना लावायची राळ), खांद्याची उशी मिळून आणखी १,५०० गेले. दीड वर्षाने माप लहान झाल्यावर ते ४,००० ला विकलं. म्हणजे तुमचा खरा खर्च ५,५०० रुपये, महिन्याला साधारण ३०५. तेच वाद्य ५०० रुपये महिना भाड्याने घेतलं असतं तर अठरा महिन्यांत ९,००० गेले असते.

यावरून खरेदी स्वस्त दिसते. पण आता मूल चौथ्या महिन्यात थांबलं असं धरा. भाड्याचे २,००० गेले आणि विषय संपला. खरेदीत मात्र ९,५०० गुंतलेले, आणि चार महिन्यांनी विकायला काढलं तरी घेणारा जुन्याचाच भाव करतो. या उदाहरणात दोन्ही बाजू अकराव्या महिन्याला बरोबरीत येतात: ५,५०० भागिले ५००. तुम्हाला मिळालेले खरे आकडे याच सूत्रात घाला. किंमत अधिक जुळवणीचा खर्च, वजा विकताना मिळेल ती रक्कम, भागिले महिन्याचं भाडं. जे उत्तर येईल त्या महिन्यांपेक्षा जास्त काळ मूल त्याच मापात राहील आणि शिकत राहील असं वाटत असेल तर विकत घ्या.

या सूत्रातला सगळ्यात लबाड आकडा म्हणजे विकताना मिळणारी रक्कम. नावाजलेल्या कंपनीचं, उदाहरणार्थ स्टेंटर किंवा यामाहाचं, विद्यार्थ्यांसाठीचं व्हायोलिन लोक जुनंही मागून घेतात. ऑनलाइन दोन-तीन हजारांत पेटी, गज, ट्यूनर सगळ्यासकट मिळणाऱ्या बेनावी वाद्याला दुसरा ग्राहक मिळणं मुश्कील. तिथे विक्रीची रक्कम शून्य धरा.

ज्या घरात दोन मुलं दोन-तीन वर्षांच्या अंतराने आहेत त्यांनी फारसा विचार न करता विकत घ्यावं. धाकट्याला तेच वाद्य मिळेल आणि हिशेब एकदम बदलेल.

भाड्याने मिळतं कुठे

अमेरिकेत किंवा युरोपात शाळेच्या वाद्यवृंदामुळे व्हायोलिन भाड्याने देणारी दुकानं जागोजागी असतात. महिन्याचं भाडं भरायचं, माप बदललं की वाद्य बदलून घ्यायचं. आपल्याकडे ती सोय अशी आयती नाही, ती थोडी खटपट करून जमवावी लागते.

पहिला फोन शिक्षकांना करा. बऱ्याच शिक्षकांकडे आधीच्या विद्यार्थ्यांनी मागे ठेवलेली लहान वाद्यं असतात आणि ती थोड्या अनामतीवर देतात. त्यांच्या हातून गेलेलं वाद्य जुळवलेलं असतं, हा मोठा फायदा. दुसरा मार्ग क्लासमधल्या मोठ्या मुलांचे पालक. आठवीतल्या मुलाचं १/२ मापाचं व्हायोलिन माळ्यावर पडलेलं असतं, आणि ते वापरात राहिलेलं बरं असं त्या घरालाही वाटतं. घोडबंदर रोडवरच्या, खारघरच्या, सीवूड्सच्या मोठ्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर "१/४ व्हायोलिन वर्षभरासाठी हवं आहे, अनामत देऊ" असा निरोप टाकून पाहा. माप लिहायला विसरू नका, नाहीतर दहा जण पूर्ण मापाचं वाद्य देऊ करतील.

तिसरा मार्ग दुकानांचा. मुंबईत धोबी तलावचं फुर्टाडोज १८६५ पासून आहे. ठाण्याहून किंवा वाशीहून सीएसएमटीला उतरलं की ते चालत जाण्याच्या अंतरावर येतं. एका ठिकाणी बरीच मापं हाताळून बघायला एकदा मुलाला घेऊन दक्षिण मुंबईत जाणं मला योग्य वाटतं. कुठल्याही दुकानात जाण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: भाड्याने देता का, माप बदलताना जुनं वाद्य परत घेऊन किमतीत वजावट देता का, आणि विकलेल्या वाद्याची जुळवणी करून देता का. पहिल्याला नकार आणि दुसऱ्याला होकार मिळाला तरी काम झालं. परतीच्या बोलीवर घेतलेलं वाद्य व्यवहारात भाड्याचंच असतं. फक्त ती बोली बिलावर लिहून घ्या.

जुन्या वस्तूंच्या ॲपवर बघत असाल तर वाद्य हातात घेतल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. "आर्मीत आहे, बदली झाली, क्यूआर स्कॅन करा" असं कोणी म्हणालं की तिथेच थांबा. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही.

आणखी एक उघड बोलण्याची गोष्ट. काही शिक्षकांना दुकानाकडून कमिशन मिळतं. ते असणं हा गुन्हा नाही, पण पालकांना माहीत असावं. नम्रपणे विचारा. चांगला शिक्षक सरळ उत्तर देतो आणि त्याच्या सल्ल्याचं मोल त्याने कमी होत नाही.

दोन ओळी का होईना, लिहून ठेवा

ओळखीत व्यवहार असला की कागद करायला आपण संकोचतो. उलट ओळख टिकवायची असेल तर कागद करावा. वाद्याचं माप, आतल्या चिठ्ठीवर लिहिलेलं नाव आणि असल्यास क्रमांक, अनामत किती, भाडं किती, कधीपर्यंत, किती दिवस आधी सांगून परत करायचं, एवढं लिहा. सोबत दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो: पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, मानेचा सांधा, आणि गज. असलेले ओरखडे जवळून टिपा. अनामत यूपीआयने द्या आणि टिपेत "व्हायोलिन अनामत" असं लिहा.

तार तुटली तर खर्च कोणाचा, हे आधी ठरवा. रीत अशी की तारा, रोझिन आणि गजाचे केस या झिजणाऱ्या गोष्टी वापरणाऱ्याच्या, आणि शिवण सुटणं, खुंटी झिजणं, मान वाकणं या वाद्याच्या गोष्टी मालकाच्या. पडून तुटलं तर अर्थातच वापरणाऱ्याच्या. भारतीय करार कायदा, १८७२ याचा गाभाही असाच आहे: दुसऱ्याची वस्तू घेणाऱ्याने ती सामान्य सुज्ञ माणूस आपली स्वतःची वस्तू जपेल तितकी जपायची असते, आणि भाड्याने देणाऱ्यावर वस्तूतल्या दोषामुळे होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी असते, मग तो दोष त्याला माहीत असो वा नसो. चार हजारांच्या व्हायोलिनसाठी कोणी कोर्टात जाणार नाही. पण हा आधार माहीत असला की बोलणं सोपं होतं.

वाद्य हातात आलं की काय बघायचं

भाड्याचं असो, जुनं असो, नवं असो, ही तपासणी चुकवू नका. शिक्षकांना बरोबर नेता आलं तर उत्तम, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. नाही आले तरी पुढच्या गोष्टी कोणालाही बघता येतात.

वाद्य डोळ्यासमोर आडवं धरून मानेपासून टोकापर्यंत पट्टीकडे, म्हणजे जिच्यावर बोटांनी तारा दाबतात त्या काळ्या फळीकडे, बघा. ती बाजूला वळलेली किंवा वर उचललेली नको. पट्टीवर तारांखाली खोल चरे पडले असतील तर बोट तिथे अडकेल. ती आबनुसाची आहे की साध्या लाकडाला काळा रंग दिलाय हे कडेला बघितलं की कळतं, रंग उडालेला दिसतो.

मग घोडी. ती कुठेही चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबाने उभी असते. तिचे दोन्ही पाय वाद्याच्या पोटावर (पुढच्या फळीवर) पूर्ण टेकलेले हवेत, आणि शेपटीकडची, म्हणजे तारा खाली अडकवतात त्या टोकाकडची, बाजू पोटाशी काटकोनात. घोडी पुढे झुकली असेल तर एक दिवस ती तारांसकट आदळते. पट्टीच्या टोकाशी तारा किती उंच आहेत ते मोजा. पूर्ण मापाच्या वाद्यावर जाड तार साधारण ५ ते साडेपाच मिलिमीटर आणि बारीक तार ३ ते साडेतीन मिलिमीटर असते. लहान मापांत याहून कमी. स्वस्त वाद्यांत घोडी कारखान्यातून आली तशीच, न तासता उभी केलेली असते, तारा डोंगरावर असतात, आणि मुलाला वाटतं आपल्याच बोटात जोर नाही. या एका कारणाने किती मुलं पहिल्या दोन महिन्यांत गळतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण घोडी तासून घेणं हे जाणकार कारागिराचं थोड्या वेळाचं काम आहे.

आता पोटावरच्या इंग्रजी एफसारख्या छिद्रातून आत डोकावा, मोबाइलचा टॉर्च लावून. घोडीच्या बारीक तारेकडच्या पायाच्या किंचित मागे एक छोटा लाकडी खांब उभा दिसला पाहिजे. त्याला साउंडपोस्ट म्हणतात. तो पडलेला असेल तर वाद्य हलवल्यावर आत खडखडतं. अशा वाद्याच्या तारा ताणू नका, पोट खचेल. त्या खांबाच्या आसपास पोटावर किंवा पाठीवर चीर असेल तर ते वाद्य कितीही स्वस्त मिळत असलं तरी घेऊ नका. चिकटवलेली चीर तिथे पुन्हा उघडते.

बोटाच्या पेराने कडेकडेने हळू ठोकत पूर्ण वाद्याभोवती फिरा. आवाज सगळीकडे भरीव हवा. कुठे फुटका, थरथरता आला तर शिवण सुटली आहे. हा दोष फारसा गंभीर नाही. व्हायोलिन सरसाने जोडतात, आणि लाकडावर ताण आला की लाकूड फुटण्याऐवजी जोड सुटावा यासाठीच तो मुद्दाम तसा असतो. कारागीर पुन्हा जोडून देतो. घरी मात्र फेव्हिकॉल लावू नका, पुढच्या वेळी जोड सुटणार नाही आणि लाकूड फाटेल.

खुंट्या एकेक फिरवून पाहा. किंचित आत दाबत फिरवल्यावर जिथे सोडाल तिथे राहिल्या पाहिजेत. लहान मुलाच्या वाद्यावर चारही तारांना शेपटीकडे बारीक जुळवणीचे स्क्रू असावेत, म्हणजे पालकांनाही ट्यूनर ॲप बघून सूर लावता येतो.

गज शेवटी. स्क्रू फिरवून केस ताणा, मध्यभागी काडी आणि केस यांच्यात पेन्सिल मावेल इतकं अंतर ठेवा, आणि टोकाकडून बघा: काडी सरळ आहे की एका बाजूला वाकली? वाकलेल्या स्वस्त गजाची दुरुस्ती परवडत नाही, नवाच घ्यावा. नव्या गजावर रोझिन नसतं आणि रोझिन नसलं की व्हायोलिन वाजतच नाही. नवी रोझिनची वडी गुळगुळीत असते, ती आधी बारीक सँडपेपरने घासावी लागते. "वाद्य बिघडलेलं आलंय, आवाजच येत नाही" असा फोन मला येतो तेव्हा बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं.

पहिला पावसाळा

लाकडी वाद्याला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. ठाण्यात जुलैत ती कित्येक दिवस ८० च्या वर असते, आणि खाडीकडच्या घरांत, मग ते ऐरोलीला असो की सीवूड्सला, बारीक स्टीलची तार लवकर गंजते. जूनमध्ये क्लास सुरू करणाऱ्यांचं वाद्य थेट या परीक्षेत उतरतं. भाड्याने घेण्याच्या बाजूने हाही एक मुद्दा आहे, पहिल्या पावसाळ्यात जे सुटायचं ते सुटतं आणि मालकाच्या अनुभवी हातात जातं.

पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की बदला. वाजवून झाल्यावर तारांवरची रोझिनची भुकटी आणि घाम कोरड्या सुती कापडाने पुसा. गज प्रत्येक वेळी सैल करा. घोड्याच्या शेपटीचे हे केस दमट हवेत लांबतात, मग मूल स्क्रू फिरवत राहतं, आणि रात्री एसी लावला की तेच केस आखडून काडीवर ताण येतो. खुंटी फुगून घट्ट बसली तर पकड लावू नका, शिक्षकांकडे न्या. पेटी भिंतीला टेकवून किंवा बाल्कनीच्या दाराशी ठेवू नका, आणि आठवडाभर वाजवलं नाही तरी उघडून वारा द्या. बंद, काळोख्या पेटीत बुरशी धरते आणि गजाचे केस खाणारे किडेही होतात. उन्हाळ्यात पार्किंगमधल्या बंद गाडीत पेटी ठेवून मॉलमध्ये जाणं हे पावसापेक्षाही वाईट, उष्णतेने सरस मऊ होतो.

विकत घ्यायची वेळ

जूनला भाड्याने घेतलं तर निर्णय दसऱ्याला घ्यावा, असं मी पालकांना सुचवते. चारेक महिने जातात, पाऊस सरत येतो, आणि नवीन वाद्य घरात आणायला आपल्याला मुहूर्तही हवाच असतो. वाद्यपूजेला भाड्याचं वाद्य ठेवायला काहीच हरकत नाही, तेही विद्येचंच साधन आहे.

त्या वेळी बघायचं ते असं. मूल न सांगता आठवड्यातून काही वेळा तरी पेटी उघडतं का? तार उतरली की त्याच्या कानाला कळतं का, निदान "काहीतरी चुकतंय" असं म्हणतं का? शिक्षक काय म्हणतात? हे तिन्ही जुळलं आणि मूल नुकतंच नव्या मापात गेलं असेल तर विकत घ्या, पुढची दीड-दोन वर्षं ते माप पुरेल. मापाच्या शेवटाला आलं असेल तर भाडंच चालू ठेवा आणि पुढचं माप विकत घ्या. ३/४ आणि पूर्ण मापाच्या वेळी मात्र हात आखडू नका. पूर्ण मापाचं व्हायोलिन आयुष्यभर साथ देऊ शकतं आणि तिथे चांगल्या लाकडाचा, चांगल्या जुळवणीचा फरक मुलालाही ऐकू येतो.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला किंवा लंडनच्या ट्रिनिटी या संस्थेच्या इनिशियल ग्रेड परीक्षेला बसवणार असाल तर परीक्षेच्या तोंडावर माप बदलू नका. नव्या मापावर बोटांच्या जागा बदलतात आणि त्या बसायला काही आठवडे लागतात.

खरेदीच्या दिवशी किमतीचा पल्ला आधी ठरवून त्याच पल्ल्यातली तीन वाद्यं मागा. शिक्षकांनी किंवा दुकानातल्या जाणकाराने तिन्हींवर तेच चार सूर, तीच छोटी गत, एकाच गजाने वाजवावी. मुलाला पाठ करून उभं करा आणि आवडलेलं सांगायला लावा. मग त्याच्याच हाताने वाजवू द्या. रंग आणि चकाकी शेवटी बघा. पेटीवर आणि सोबतच्या भेटवस्तूंवर भुलू नका. त्याऐवजी दुकानदाराला म्हणा, त्या वस्तू राहू द्या, तारा चांगल्या कंपनीच्या लावून द्या आणि घोडी आमच्या समोर तासून द्या.

लहान झालेलं वाद्य

माप बदललं की जुनं वाद्य त्याच महिन्यात पुढे द्या. माळ्यावर दोन वर्षं राहिलेलं वाद्य विकायला काढताना तारा गंजलेल्या, केस तुटलेले आणि शिवण सुटलेली असते, आणि घेणारा त्याचेच पैसे कापतो. विकण्याआधी रोझिनची जमलेली भुकटी कोरड्या कापडाने पुसा, पाणी किंवा फर्निचरचं पॉलिश लावू नका. बिल, चिठ्ठीचा फोटो आणि शेवटच्या तारा कधी बदलल्या याची नोंद सोबत द्या. जाहिरातीत माप, कंपनी, आणि कोणत्या वयाच्या मुलाने वापरलं हे लिहा. काही काळ ठेवावंच लागलं तर चारही तारा थोड्या उतरवा, पण पूर्ण सैल करू नका. सगळ्या तारा एकदम काढल्या की घोडी पडते आणि तिच्यामागोमाग आतला खांबही. जानेवारी ते मार्च या काळात फारसं कोणी वाद्य शोधत नाही. मे अखेरीस जाहिरात टाका, तेव्हा जूनच्या क्लाससाठी पालकांची शोधाशोध सुरू झालेली असते.